उत्तरानं लिहिलेली मैथिली

'प्रवास' हा शब्द कानावर पडला की उत्तरा जोगळेकरचा चेहरा अजूनही कडू होतो. गाडीनं होणारा प्रवास नव्हे. 'माझा लेखनाचा प्रवास', 'एका गृहिणीचा शून्यापासून लाखापर्यंतचा प्रवास', त्यातला. हा शब्द तिनं स्वतः शेकडो वेळा लिहिला आहे, दुसऱ्यांच्या नावानं. "दुसऱ्यानं भरलेली चूळ आपल्या तोंडात आल्यासारखं वाटतं गं," असं ती मला एकदा म्हणाली होती.

मी हे सांगतेय, कारण ऋतुराजला तिचा नंबर मीच दिला होता.

आम्ही दोघी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका जाहिरात कंपनीत होतो. औषधाच्या दुकानाच्या माडीवर ऑफिस, नऊ माणसं. मराठी मजकूर आम्ही दोघी लिहायचो. पतपेढ्यांच्या जाहिराती, साड्यांचे सेल, नवरात्रात नाक्यावर लागणारे शुभेच्छांचे फलक. फार थोर काम नव्हतं, पण सोन्याच्या दुकानाला आम्ही सोन्याचं दुकानच म्हणायचो. लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद पडली. मला एका बँकेत जनसंपर्काची नोकरी मिळाली. उत्तरा तेव्हा चाळिशीला टेकलेली. तिला कुणी मुलाखतीलाही बोलावलं नाही. लग्न केलेलं नव्हतं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहायचे.

वडिलांना सगळी बिल्डिंग अण्णा म्हणते. कल्याणच्या कोर्टात तीस वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार बोलेल ते टिपून घ्यायचं, इतकंच काम. पण त्या कामाचा त्यांना अभिमान भारी. "साक्षीदार रडला तर 'रडला' असं लिहायचं," ते सांगत. "'हेलावून गेला' असं नाही. ते तुम्ही घातलेलं असतं."

अशा माणसाच्या घरात बसून उत्तरानं ऑनलाइन लिहायला सुरुवात केली.

पहिली दोन वर्षं तिनं शब्दामागे चाळीस पैसे दरानं लिहिलं. काम देणारी माणसं कधी दिसली नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर विषय यायचा, संध्याकाळपर्यंत लेख द्यायचा. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात राहून आलेल्या जोडप्याचा अनुभव तिनं लिहिला. ते हॉटेल तिनं बाहेरूनही पाहिलेलं नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून लिहिलं. सासूशी जुळवून घेतलेली सून म्हणून लिहिलं. मुतखड्यावरच्या एका चूर्णासाठी नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकाचं मनोगत लिहिलं. तो शिक्षकही नव्हता आणि त्याचा विरघळलेला खडाही नव्हता.

अण्णा रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काय लिहिलंस?"

"मुतखडा."

"तुला झालाय?"

"नाही हो अण्णा."

"मग तुला काय ठाऊक?"

ती हसण्यावारी न्यायची. पण लेख पाठवून झाला की मोरीत जाऊन साबणानं हात धुवायची सवय तिला याच काळात लागली. हातावर काहीच नसायचं. तरी धुवायची.

या सुमारास आमच्या बँकेनं महिला बचत गटांच्या मेळाव्यात एका पाहुण्याला बोलावलं. ऋतुराज नाव. पस्तिशीचा, कोरलेली दाढी, पांढरेशुभ्र बूट. 'लेखणी ते लाखो' या नावानं तो ऑनलाइन कोर्स चालवायचा. घरबसल्या लिहा, मनासारखं जगा, महिन्याची पक्की कमाई करा. बायका मंत्रमुग्ध होऊन ऐकत होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यानं मला विचारलं, "मॅडम, एखादी सॉलिड मराठी रायटर आहे का ओळखीत?" मी उत्तराचा नंबर दिला. मला वाटलं, तिचं भलं होईल.

झालंही. महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम खात्यात जमा व्हायला लागली. उत्तरानं अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, घराला रंग दिला, स्वतःसाठी पाठ न दुखणारी खुर्ची घेतली. मला फोन करून म्हणाली, "शेवटी लिहून पोट भरतंय बघ."

काम असं होतं: ऋतुराजचं सगळं लिखाण. रोजची पोस्ट, रविवारच्या फुकट वेबिनारमधलं भाषण, कोर्सच्या पोरींना पाठवायची प्रेरणादायी ईमेलं. सगळ्यात आधी त्याची स्वतःची कहाणी. त्यानं फोनवर सांगितलं, "ताई, असं लिहा की मी कल्याण स्टेशनच्या बाकड्यावर तीन दिवस उपाशी झोपलेलो."

"झोपला होतात?"

"अरे, फील घ्या ना. इमोशन मॅटर करतं, फॅक्ट कोण विचारतो?"

तो पाचपाखाडीत तीन बेडरूमच्या घरात वाढला होता, वडील सरकारी अधिकारी होते. उत्तरानं बाकडं लिहिलं. बाकड्याचा गारठा पाठीला कसा लागतो तेही लिहिलं. पुढच्या रविवारी ती ओळ वाचून दाखवताना त्याचा कंठ दाटून आला. तो खरोखरच दाटून आला, हे तिला सगळ्यात किळसवाणं वाटलं.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं की या माणसानं आयुष्यात एकही लेख लिहून विकलेला नाही. लिहून पोट भरणं म्हणजे काय, हे तो हजारो जणांना शिकवत होता आणि त्याच्या त्या ऑफिसाशी संबंध असलेल्यांपैकी लिहून पोट भरणारी एकटी उत्तरा होती. तिचे पैसे येत होते ते लेखन शिकायला आलेल्यांच्या फीमधून. हे कळलं त्या दिवशी तिनं मला सांगितलं आणि पुढे म्हणाली, "पण मी सोडलं तर तो दुसरी कुणी धरेल." मी म्हटलं, "बरोबर आहे." आम्ही दोघींनी तो विषय तिथेच मिटवला. मला आज त्या 'बरोबर आहे'ची लाज वाटते.

मग मैथिली आली.

ऋतुराजला यशोगाथा हव्या होत्या. कोर्स करून लाखात कमावणारी बाई. तिचा चेहरा त्याच्या ऑफिसातल्या पोरांनी संगणकावर तयार करून घेतला: गव्हाळ रंग, लहान टिकली, थकलेलं पण समाधानी हसू. नाव मैथिली, राहणार कल्याण, दोन मुलं, नवऱ्याची नोकरी गेलेली. बाकीचं आयुष्य उत्तरानं भरायचं.

खोट्या बाईला जिवंत करायचं तर काहीतरी खरं घालावं लागतं. उत्तराकडे खरं काय होतं? तिची आई होती, आठ वर्षांपूर्वी वारलेली. आईला टेबल माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात गव्हाच्या पिठाच्या मोठ्या डब्यावर वही ठेवून ती उभ्या उभ्या लिहायची. कोपरच्या बायका अर्ज, पत्रं लिहून घ्यायला यायच्या. एका हातानं आमटी ढवळत आई दुसऱ्या हातानं लिहायची आणि मग कागदावरचं पीठ फुंकून टाकायची. उत्तरानं हे सगळं मैथिलीला दिलं. डबा दिला, उभं राहणं दिलं, पीठ फुंकणंही दिलं.

पोस्ट वणव्यासारखी पसरली. चार दिवसांत कोर्सच्या सगळ्या जागा भरल्या. ऋतुराजनं लिहिलं, "ताई, तो डबा! जीनियस!!" मैथिलीच्या नावानं खातं उघडलं गेलं आणि तिला येणाऱ्या निरोपांना उत्तरं द्यायचं कामही उत्तराकडे आलं. बायका मनातलं लिहायच्या. नवरा मारतो, सासरा हिणवतो, मला काहीतरी स्वतःचं करायचंय. उत्तरा मैथिली होऊन लिहायची, 'हिंमत सोडू नकोस बाळा. मीही तिथूनच आले.'

एका दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, हातात प्लास्टिकची फाइल. मागच्या बाजूच्या गावातली, समृद्धी. ज्या जमिनीवर उत्तराची बिल्डिंग उभी आहे ती एके काळी या मुलीच्या घराण्याची. आजी तुळसा तरुणपणी मिठागरात राबायची. आता त्यांची चाळ आहे, भाडं येतं.

"ताई, वॉचमन बोलला की तुम्ही रायटर आहात," समृद्धी म्हणाली. "मी पण शिकतेय. जरा चेक कराल का?"

फाइलमध्ये कोर्सनं दिलेला पहिला 'गृहपाठ' होता. समृद्धी एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर होती. महिनाभरापूर्वी ती नोकरी सोडून तिनं कोर्सची प्रीमियम बॅच घेतली होती. अठ्ठेचाळीस हजार. आजीनं कानातलं मोडून दिलेले.

"नोकरी का सोडलीस?" उत्तरानं विचारलं.

"सर बोलले ना, एक पाय इकडे एक पाय तिकडे चालत नाही. आणि ताई, तुम्ही मैथिली मॅडमची स्टोरी वाचली का? पिठाच्या डब्यावर लिहायची ती! मी ती वाचून रडलेली. मला सेम तिच्यासारखं व्हायचंय."

सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. लाल पेन घेतलं, गृहपाठातल्या चुका काढून दिल्या, चहा केला. मुलगी "थँक्यू ताई, तुम्ही भारी आहात" म्हणत जिना उतरली आणि उत्तरा मोरीत गेली.

दर आठवड्याला समृद्धी यायला लागली. लिहायची बरी. आजीकडून ऐकलेलं मिठागराचं एक वर्णन तिनं आणलं होतं. पायाला चिरा पडायच्या, त्यात मीठ जायचं, संध्याकाळी बायका पायांना खोबरेल लावून ओळीनं बसायच्या. उत्तरानं त्यातला एकही शब्द बदलला नाही. पण असलं लिखाण कोर्सला नको होतं. तिथे 'बिटकॉइनचे फायदे' आणि 'त्वचेसाठी सात सवयी' लिहायला सांगत. तीन महिन्यांत समृद्धीला एकोणीसशे रुपये मिळाले. मग कोर्सनं नवीन मार्ग दाखवला: तीन मैत्रिणी आण, कमिशन घे. तिनं लॅबमधल्या दोघी आणि आपली मामी आणली.

आणि एक दिवस उत्तराच्या फोनवर ऋतुराजचा निरोप आला. सोबत एक फोटो. फोटोत समृद्धी होती, मोरपिशी ड्रेस, केस मोकळे.

'ताई, ही रिअल मुलगी आहे, सो क्रेडिबिलिटी डबल. आगरी बॅकग्राउंड, आजी मिठागरात, फुल इमोशन. लिहा की महिना ऐंशी हजार कमावते.'

उत्तरानं फोन उलटा ठेवला. थोड्या वेळानं समृद्धीला बोलावलं.

ती आल्याबरोबर उत्तरानं तिला निरोप दाखवला. "तुला हे ठाऊक आहे?"

समृद्धीनं मान खाली घातली. "हो. सर बोलले, व्हिडिओ दे, पुढची बॅच फ्री. ताई, सगळे करतात. आधी बोलायचं, मग ते खरं होतं."

"ऐंशी हजार?"

"मैथिली मॅडमला पण सुरुवातीला कमीच मिळायचे ना? त्यांनी मला स्वतः सांगितलंय. आमचं चॅट झालेलं." तिनं फोन काढला, जपून ठेवलेला निरोप उघडला. "हे बघा."

उत्तरानं फोनकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "'हिंमत सोडू नकोस बाळा. मीही तिथूनच आले. रात्र कितीही मोठी असली तरी वहीचं पुढचं पान कोरं असतं.'"

समृद्धी फोनवरच्या ओळी वाचत होती. शब्द न् शब्द तोच. ती थांबली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी लिहिलंय. मैथिली अशी कुणी बाई नाहीये, समृद्धी. तो फोटोही कुणाचा नाही. ती माझ्या आईवरून केली मी. पिठाचा डबा आईचा आहे. आत स्वयंपाकघरात आहे, बघ जाऊन."

समृद्धी गेली नाही बघायला. तिनं फोन हळूच बंद केला, ओढणी गोळा केली आणि उभी राहिली. शिव्या देईल, रडेल असं उत्तराला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "शी." मग दारात जाऊन वळली आणि पुन्हा म्हणाली, "शी, ताई."

आतल्या खोलीच्या दारात अण्णा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आईचं पण विकलंस का?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवशी त्यांनी आपलं ताट स्वतः वाढून घेतलं. पुढचे कित्येक दिवस 'आज काय लिहिलंस' हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तुळसा आली. सत्तरी ओलांडलेली, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. समृद्धी तिच्या मागे भिंतीला टेकून उभी.

"कं गो बाय, तूच ना ती लिवनारी?" तुळसा म्हणाली. "तुझी आय मना रेशनचा अर्ज लिवून द्यायची. लिवला का दोनदा वाचून दाखवायची. आनि तू माझ्या नातीला फशिवलंस?"

"हो आजी," उत्तरा म्हणाली.

म्हातारीनं पदर खोचला. मग म्हणाली, "चप्पल घाल. त्याच्याकडं चल."

तिघी रिक्षानं ठाण्याला घोडबंदर रोडवर ऋतुराजच्या ऑफिसला गेल्या. काचेची इमारत, सातवा मजला. अकराला वेबिनार सुरू होणार होता. एका खोलीत गोल दिवा, कॅमेरा, मागे खोट्या पुस्तकांची भिंत. ती पुस्तकं म्हणजे पुस्तकांच्या पाठी छापलेले नुसते कागद होते, उत्तरानं पहिल्यांदाच जवळून पाहिले. पडद्यावर आकडा वाढत होता, आठशे बायका वाट बघत होत्या.

ऋतुराजनं हात जोडले. "अरे उत्तराताई! आणि ही आपली स्टार!"

"पैसे परत दे," उत्तरा म्हणाली. "हिचे, आणि हिनं आणलेल्या तिघींचे."

"ताई, रिफंड पॉलिसी..."

"पॉलिसी मी लिहिली आहे. तिचा अर्थ काय होतो ते मला सांगू नकोस."

त्याचा आवाज बदलला. "तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलीय, विसरलात? तुमची वाट लागेल."

हे चालू असताना तुळसा खोलीत फिरली. दिव्यासमोरची खुर्ची तिला रिकामी दिसली. ती तिच्यावर जाऊन बसली, पाय वर घेऊन, मांडी घालून.

"आजी, ती माझी... दहा मिनिटांत लाइव्ह आहे!"

"मी इकरंच बसतंय," तुळसा म्हणाली. "तू कर तुजा चालू. बायांना मी सांगतंय काय सांगायचा ता."

दहा मिनिटं ऋतुराजनं सगळं करून पाहिलं. हसून, ओरडून, वॉचमनला बोलावून. वॉचमननं म्हातारीकडे पाहिलं आणि तो दारातच थांबला. अकराला दोन मिनिटं कमी असताना ऋतुराजनं फोन काढला आणि समृद्धीचे पैसे परत पाठवले. फक्त समृद्धीचे. बाकीच्या तिघींचं 'प्रोसेस'मध्ये टाकतो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. शर्टावर पडलेलं फरसाण झटकावं तसं त्यानं ते केलं. आणि म्हातारी खुर्चीतून उतरत असताना म्हणाला, "आजी, एक सेल्फी होऊन जाऊ दे? तुमचा फेस खूप रॉ आहे, ऑडियन्स कनेक्ट होईल."

तुळसानं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग उत्तराला विचारलं, "याला कोन आय हाय का गो?"

खाली रस्त्यावर आल्यावर उत्तरानं रिक्षाला हात केला. समृद्धी आजीला आत बसवून स्वतः बसली आणि म्हणाली, "तुम्ही आमच्याबरोबर नका येऊ." रिक्षा निघून गेली. उत्तरा तिथून ठाण्यातल्याच माझ्या घरापर्यंत चालत आली. माझ्या दारात उभी राहून तिनं आधी विचारलं, "हात धुवू का?"

त्या दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून तिनं स्वतःच्या नावानं लिहिलं: 'मैथिली नाही. ती मी लिहिली.' कराराचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बघू." पोस्ट टाकली. पुढे काय होईल याची आम्ही दोघींनी जी चित्रं रंगवली त्यांतलं काहीच झालं नाही. थोडी वाहवा झाली, त्याहून जास्त शिव्या आल्या. 'इतके दिवस पैसे खाल्लेस तेव्हा कुठे होतीस?' असं एकीनं विचारलं, आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता. ऋतुराजनं वकिलाची नोटीस पाठवली. शिवाय 'माझ्यावर जळणाऱ्यांना माझं उत्तर' नावाचा वेबिनार घेतला, त्याला दुप्पट गर्दी झाली. त्याच्या कोर्सच्या जागा आजही भरतात. बाकीची गिऱ्हाइकंही उत्तराला सोडून गेली; तोंड उघडणारी लेखिका कुणालाच नको असते. नवी खुर्ची तिनं विकली.

पण एक्केचाळीस बायकांनी तिला निरोप पाठवले. मैथिलीला पाहून पैसे भरलेल्या. टिटवाळ्याची एक, अंबरनाथच्या दोघी बहिणी, समृद्धीची मामी. उत्तरानं प्रत्येकीला फोन केला. प्रत्येकीकडून शिव्या खाल्ल्या. मग प्रत्येकीची तक्रार लिहायला घेतली, कुणी किती भरले, कधी, काय पाहून. कच्चा मसुदा वाचून अण्णा बऱ्याच दिवसांनी तिच्याशी बोलले. "'घोर फसवणूक' काढ," ते म्हणाले. "काय सांगितलं आणि काय दिलं, तेवढंच ठेव." तक्रारी ठाण्याला ग्राहक आयोगाकडे गेल्या आहेत. तारखा पडतात. नोटिशीचं प्रकरणही अजून लोंबकळतंय.

त्या तक्रारींतूनच तिचं पुढचं काम आलं, हे ठरवून झालं नाही. अंबरनाथच्या त्या बहिणींचा भाऊ कल्याणला फिजिओथेरपिस्ट आहे, श्रीपाद. त्यानं बहिणीचा कागद वाचला आणि विचारलं, "हे इतकं सोपं कुणी लिहिलं?" त्याचे पेशंट घरी व्यायाम चुकीचे करायचे. उत्तरानं त्याच्याकडे चार दिवस बसून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, स्वतः जमिनीवर पडून प्रत्येक व्यायाम केला आणि मग पुस्तिका लिहिली. ती पाहून डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं बोलावलं. तिथे यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि कामगार त्या वाचत नव्हते. उत्तरा डोक्यावर शिरस्त्राण घालून व्हॉल्व्ह बघायला गेली. आता बरंचसं काम ईमेलवरून, घरून होतं, पण वस्तू पाहिल्याशिवाय किंवा माणसाशी बोलल्याशिवाय ती लिहीत नाही. लिहिलेल्या कागदावर स्वतःचं नाव घालते; काम देणारा नाव घालू देत नसेल तर काम घेत नाही. निम्मे पैसे आधी. जाहिरात कंपनीत मिळायचा तेवढा पगार परत हाती यायला तिला सव्वादोन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष अण्णांच्या पेन्शनवर गेलं. हे कोणत्याही वेबिनारमध्ये सांगण्यासारखं नाही.

समृद्धी परत लॅबच्या काउंटरवर रुजू झाली. सात महिने तिनं उत्तराकडे पाहिलंही नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूनं जायची. मग एकदा दुपारी दारावर आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मी सॉरी ऐकायला नाही आलेय," ती म्हणाली. "काम आहे. पेशंट सॅम्पल चुकीचं आणतात. लघवीचं, शौचाचं. कसंही, कशातही. आमचा कागद आहे तो कुणाला कळत नाही. डॉक्टर बोलले, कुणाकडून तरी नीट लिहून घे. पैसे देतील."

"लिहीन," उत्तरा म्हणाली.

"खोटं काही घालू नका."

"शौचाच्या नमुन्यात काय खोटं घालणार?"

समृद्धी हसली नाही. पण आत येऊन बसली.

उत्तरानं मला नंतर सांगितलं की तिनं आयुष्यात लिहिलेल्यांपैकी सगळ्यात स्वच्छ मजकूर तो. रुंद तोंडाची डबी. अक्रोडाएवढा नमुना. झाकण घट्ट. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. तो कागद पाठवल्यावर मोरीत जायची तिला आठवणच राहिली नाही.

तिची जुनी घाण मात्र गेलेली नाही. मुतखड्याचा तो शिक्षक पन्नासेक संकेतस्थळांवर आहे, कुणीकुणी चोरून छापलेला. तिनं काढून टाकायला ईमेलं पाठवली, दोघांनी काढला. गेल्या वर्षी आमच्या बँकेतल्या एका शिपायानं मला तेच चूर्ण दाखवलं, "मॅडम, एक मास्तर बरा झाला याने." मी उत्तराला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्याचा नंबर दे." तिनं त्या शिपायाला फोन करून अर्धा तास समजावलं. त्यानं ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात मी डोंबिवलीला गेले तेव्हा समृद्धी तिथेच होती, लॅबच्या नवीन कागदाचा मसुदा मधे ठेवून दोघींचं वाजलेलं.

"'उपाशीपोटी' चालणार नाही," समृद्धी म्हणत होती. "लोक चहा-बिस्किट खाऊन येतात आणि बोलतात, जेवलो कुठे?"

"मग 'काही न खाता-पिता' लिहू."

"तरी चहा पिणारच. आमची आजी चहाला पिणं मोजतच नाही."

अण्णा आतून म्हणाले, "'चहासुद्धा नाही' असं लिहा."

समृद्धीनं पेन घेतलं, आधीची ओळ खोडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चहासुद्धा नाही. पाणी चालेल.' मग कागद उत्तराकडे सरकवून म्हणाली, "आता हे साखरेच्या टेस्टचं बघा, दोन तासांचं. इथे लोक अजून घोळ करतात."